चार्जर घेताना आधी बोर्ड बघा, मग अडॅप्टर, केबल सगळ्यात शेवटी

ताई, तुम्ही लिहिलेलं थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. राळेगाव तालुक्यात खेड्यावर घर, अंगणवाडीचं सगळं काम पोषण ट्रॅकर ॲपवर, म्हणून फोन दिवसभर चालू लागतो. आठवडी बाजारातून घेतलेल्या दोन केबली लागोपाठ गेल्या. आता अडॅप्टरला जळका वास येतो आणि चार्जिंगला लावलेल्या फोनला हात लावला की मुंग्या येतात. घरात सासऱ्यांचा बटनांचा फोन आहे, मुलाचा वेगळ्या कंपनीचा. एकच चांगला चार्जर घेतला तर सगळ्यांचं भागेल का, आणि चांगला ओळखायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

पहिलं काम म्हणजे तो वास येणारा अडॅप्टर आत्ता काढा आणि पुन्हा लावू नका. "एखाद्या वेळेस लावून बघू" हेही नको. मुलाला तो खोलून बघू देऊ नका. आतल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि बोर्डातून काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो.

मी तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक येतं ते केबल मागायला. फारच झालं तर अडॅप्टर मागतं. अडॅप्टर ज्यात खुपसतो त्या बोर्डाबद्दल कुणी विचारत नाही. माझा क्रम याच्या उलटा आहे, कारण धोका त्या क्रमाने आहे. केबलमध्ये ५ ते २० व्होल्ट असतात. ती तापेल, फोनचा पोर्ट जाळेल, पण करंट लागून माणूस दगावेल असं त्या दाबात होत नाही. अडॅप्टरच्या एका बाजूला २३० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला तुमचा हात. बोर्डावर तर सगळ्या घराचा भार.

तुमच्याकडे दसऱ्यापासून पुढे कापूस घरात येत असणार. भाव वाढेल म्हणून माजघर छतापर्यंत भरून ठेवायची आपल्याकडे पद्धतच आहे, आणि त्याच खोलीत बोर्ड असतो, त्याच बोर्डात फोन लटकलेला असतो. अडॅप्टर ढिला बसला की आत बारीक ठिणगी पडते. रिकाम्या खोलीत त्याने फक्त सॉकेटभोवती काळं कडं येतं. कापसाच्या खोलीत तेवढ्याने भागत नाही, कारण सुटा कापूस आणि हवेतले तंतू ठिणगीला लगेच धरतात. म्हणून कापूस आहे तोवर त्या खोलीत चार्जिंग बंद, मग अडॅप्टर कितीही महागाचा असो. शक्य असेल तर त्या खोलीच्या बोर्डाचा पुरवठाच मेनपासून बंद ठेवा.

बाकी बोर्डांची परीक्षा सोपी. अडॅप्टर लावल्यावर स्वतःच्या वजनाने खाली झुकतो का? हलवला की चार्जिंग जातं-येतं का? सॉकेट कोमट लागतं का? यातलं एकही "हो" असेल तर आधी सॉकेट बदला. आयएसआय शिक्क्याचं सहा अँपियरचं सॉकेट काही महाग नाही, वायरमन दहा मिनिटांत बसवतो. बारीक पिनांचे अडॅप्टर जाड पिनांच्या सॉकेटमध्ये ढिले बसतातच, त्यावर लोक कागदाची घडी किंवा काडीपेटीची काडी खुपसतात. ते अजिबात करू नका. कूलर आणि चार्जर एकाच एक्स्टेंशनवर, आणि ते एक्स्टेंशन कूलरच्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवर, हे दृश्य एप्रिल-मेमध्ये घरोघरी दिसतं. कूलरला वेगळं, अर्थिंग असलेलं सॉकेट द्या, आणि एक्स्टेंशन लागलंच तर जमिनीपासून वर टांगा.

आता व्होल्टेज. अडॅप्टरवर बारीक अक्षरात "इनपुट १००-२४० व्होल्ट" असं छापलेलं असतं. म्हणजे संध्याकाळी सगळं गाव दिवे लावतं आणि दाब १६० वर येतो, तेव्हा पंखा रडतो पण चार्जरला काही होत नाही. त्याला मारतो तो वाढलेला दाब. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटला की काही घरांत दिवे मंद होतात आणि काही घरांत २३० च्या जागी तीनशेच्या वर, अगदी चारशेच्या जवळ व्होल्ट जातात. अशा रात्रीनंतर सकाळी दुकानात गावातले चार्जर एकदम येतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच माल डुप्लिकेट होता. ओळखायची खूण अशी की पंखा अचानक जोरात फिरतो आणि बल्ब पांढराफटक पडतो. तसं दिसलं की एकेक पिन काढत बसू नका, मेन स्विच पाडा आणि लाइनमनला फोन करा. विजा कडाडत असतील तेव्हा मात्र अडॅप्टर बोर्डातून पूर्ण काढून ठेवा. नुसतं बटन बंद करून भागत नाही, बटन फक्त एक तार तोडतं.

वावरातल्या चार्जिंगचं तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्याकडचं कुणीतरी रात्री ओलिताला जात असेल म्हणून सांगतो. मोटरच्या स्टार्टर पेटीतून एक फेज घ्यायची, दुसरी तार अर्थिंगच्या सळईला लावायची आणि त्यावर बल्ब आणि चार्जर चालवायचा, हा प्रकार सर्रास चालतो. अशा जोडणीत अर्थिंगची सळई आणि तिच्या आजूबाजूची ओली जमीनही करंट धरू शकते, आणि पाणी देणारा माणूस त्याच चिखलात अनवाणी उभा असतो. सौर पंपाच्या कंट्रोलरमधून मोटरकडे जाणाऱ्या तारांवर तर चार्जर कधीच लावू नका. तिथे घरासारखा ५० हर्ट्झचा स्थिर पुरवठा नसतो, मोटरच्या वेगाप्रमाणे दाब आणि वारंवारता बदलत राहतात. काही पंपांत तर थेट डीसी असतो. वावरासाठी चांगली पॉवर बँक घ्या आणि ती घरून भरून न्या.

आता अडॅप्टर. याच्यात पैसे वाचवू नका, हा माझा ठाम सल्ला. चांगल्या अडॅप्टरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या तारेवर पुरेसं इन्सुलेशन असतं, दोन्ही बाजूंमध्ये आतल्या सर्किटवर मोकळं अंतर राखलेलं असतं, आत फ्यूज असतो आणि वरचं प्लास्टिक लवकर पेट न घेणारं असतं. बाजारात ढिगाने विकायला असलेला शंभर-सव्वाशेचा अडॅप्टर उघडला की यातलं बरंच गायब दिसतं. फ्यूजच्या जागी साधी तार, ट्रान्सफॉर्मर बोराएवढा, आणि दोन्ही बाजूंमध्ये जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर जागा. बाहेरून मात्र तो "६५ वॅट सुपर फास्ट" असतो. छापायला पैसे लागत नाहीत.

दुकानात काय बघायचं? अडॅप्टरला आयएसआयचा शिक्का नसतो. भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेखाली त्याच्यावर "आर-" आणि पुढे आठ अंकी क्रमांक असतो, सोबत आयएस १३२५२ किंवा नव्या मालावर आयएस/आयईसी ६२३६८ हे मानक छापलेलं असतं. ही योजना २०१२ च्या आदेशाने सुरू झाली. फोनवर बीआयएस केअर हे ॲप घ्या, त्यात आर-नंबर तपासायची सोय आहे. नंबर टाकला की कारखान्याचं नाव, ब्रँड, वस्तूचा प्रकार आणि नोंदणी चालू आहे की संपली, एवढं दिसतं. नुसता नंबर सापडला म्हणून खूश होऊ नका, कारण नकली माल खऱ्याचाच नंबर छापतो. ब्रँड आणि वस्तू जुळते का ते बघा. नंबर एलईडी दिव्याचा आणि हातात चार्जर, असं निघालं तर तिथेच परत द्या. अडॅप्टरवरच आयएसआयचा ठळक शिक्का दिसला तरी मला उलट संशय येतो.

मग छपाई बघा. आउटपुटच्या ओळीत व्होल्ट आणि अँपियर स्पष्ट हवेत, आणि त्यांचा गुणाकार वर लिहिलेल्या वॅटशी जुळायला हवा. ५ व्होल्ट ३ अँपियर म्हणजे १५ वॅट. ९ व्होल्ट २.२२ अँपियर म्हणजे २०. ११ व्होल्ट ३ अँपियर म्हणजे ३३. डब्यावर ६५ आणि खाली फक्त "५ व्होल्ट २ अँपियर" असेल तर तो १० वॅटचाच चार्जर आहे. एकात एक दोन चौकोनांची खूण म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, ती असावी. शुद्धलेखनाच्या चुका, पुसट शाई, हातात पोकळ लागणारं वजन, जोडावर फट, यातलं काही दिसलं की ठेवून द्या. आणि "ओजी", "फर्स्ट कॉपी", "कंपनीसारखाच" हे शब्द दुकानदाराने वापरले तर तो तुम्हाला खरं सांगतोय की हा कंपनीचा नाही.

मुंग्यांबद्दल. दोन पिनांच्या चांगल्या अडॅप्टरमध्येही दोन्ही बाजूंना जोडणारा एक खास कपॅसिटर असतो, रेडिओ-टीव्हीला खरखर होऊ नये म्हणून. त्यातून अगदी सूक्ष्म करंट झिरपतो. फोनची कड धातूची असेल आणि पाय सारवलेल्या किंवा ओल्या जमिनीवर असतील तर बोटाला झिणझिण लागते. चांगल्या अडॅप्टरवर एवढं होणं दोष नाही. हा कपॅसिटर बिघडला तरी मार्ग तुटावा, जुळू नये, अशा रीतीने बनवलेला असतो. स्वस्त मालात त्याच्या जागी साधा कपॅसिटर घालतात. तो बिघडताना आरपार जुळला तर २३० व्होल्ट थेट फोनवर. टेस्टर लावून यातला फरक कळत नाही, दोन्हीकडे तो मिणमिणतो. तुमच्या अडॅप्टरला वास येतोय म्हणून तुमच्या बाबतीत तर्क करत बसण्यासारखं काही उरलेलं नाही. नव्या चांगल्या अडॅप्टरवरही झटका बसला, नुसती झिणझिण नाही, तर तोही परत करा. मुलगा फोन चार्जिंगला लावून, कानात वायरचा इअरफोन घालून गेम खेळत असेल तर ते आजपासून बंद.

किती वॅटचा घ्यायचा? जास्त वॅटच्या चार्जरने फोन खराब होतो ही समजूत काढून टाका. फोन स्वतः मागेल तेवढीच वीज घेतो, चार्जर जबरदस्तीने भरत नाही. बॅटरी भरल्यावर थांबवायचं कामही फोनमधलंच सर्किट करतं. अडचण असते ती भाषेची. प्रत्येक कंपनीची वेगाने भरायची पद्धत वेगळी. ओप्पो-रियलमी-वनप्लसची सुपरव्हूक ही त्यांच्याच अडॅप्टर आणि त्यांच्याच केबलवर पुऱ्या वेगाने चालते. शाओमी-रेडमीचे बरेच ३३ वॅटचे अडॅप्टर जुन्या चौकोनी तोंडाचे (यूएसबी-ए), पण आत जास्तीची पिन असलेले असतात. सॅमसंगचे २५ वॅटवाले फोन पीडी-पीपीएस ही पद्धत मागतात, म्हणजे दोन्ही टोकं सी (टाइप-सी) असलेली केबल लागते. आयफोन १५ पासून पुढेही सी आणि पीडी. एकाचं दुसऱ्याला लावलं तर स्फोट होत नाही, चार्जिंग फक्त हळू होतं. घाई नसेल तर त्यात वाईट काही नाही. उलट आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, टिनाच्या घरात, दुपारी वेगाने चार्ज करण्यापेक्षा पहाटे हळू चार्ज करणं बॅटरीला मानवतं. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करूच नये, म्हणून फोन तापला की स्वतःच वेग कमी करतो किंवा थांबतो. तो चार्जरचा दोष समजून नवा चार्जर घ्यायला येणारे मे महिन्यात बरेच असतात.

आता केबल, जिच्यापासून तुम्ही सुरुवात केली होती. ठिबकची नळी बारीक आणि लांब असली की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, केबलचं गणित तसंच. केबलच्या अंगावर कधी कधी "२८ एडब्ल्यूजी/२४ एडब्ल्यूजी" असं छापलेलं असतं. हा तारेचा गेज, आणि आकडा जितका लहान तितकी तार जाड. स्वस्त केबलमध्ये वीज नेणारी तारसुद्धा २८ गेजची असते. अशा एक मीटर केबलमध्ये जाता-येता मिळून साधारण ०.४३ ओहम अडथळा येतो. २ अँपियर वाहू लागले की जवळपास ०.८५ व्होल्ट वाटेतच गळतात आणि ५ मधले जेमतेम ४.१५ फोनला पोचतात. फोन ते ओळखून करंट कमी करतो आणि तुम्ही म्हणता, चार्जिंग हळू झालं. तीच तार २४ गेजची असेल तर तूट ०.३४ व्होल्टवर येते. गळलेली वीज उष्णता होते. दोन मीटरची केबल घेतली की दोन्ही आकडे दुप्पट. म्हणून पलंगापर्यंत पोचावी म्हणून लांब केबल घेण्यापेक्षा बोर्डाजवळ एक फळी ठोका.

काही केबलींत डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात, फक्त वीज नेणाऱ्या दोन. त्यावर कॉम्प्युटरला फोटो जात नाहीत आणि बऱ्याच फोनचं जलद चार्जिंगही चालू होत नाही, कारण अडॅप्टर आणि फोन बोलणार कशावरून? दुकानात केबल कॉम्प्युटरला लावून फोन दिसतो का, एवढं बघायला सांगा. तार तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, हे बाहेरून कळत नाही. दुसरी तार लवकर तुटते एवढं खरं. वरून कापडी वेणी घातली म्हणून केबल मजबूत होत नाही, टोकाजवळचा लवचिक रबरी भाग चांगला हवा. केबल मरते ती तिथेच.

एका टोकाला जुनं चौकोनी तोंड आणि दुसऱ्याला सी, अशा केबलमध्ये ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर असायला हवा. अडॅप्टरकडून मर्यादेपलीकडे ओढू नको, एवढं तो फोनला सांगतो. चुकीचा घातला तर फोन ३ अँपियर मागतो आणि लहान अडॅप्टर तापतो. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन लेउंग यांनी २०१५ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अशा केबली एकेक तपासायला घेतल्या. २०१६ मध्ये त्यांतल्या एकीत वीज आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉप त्यात गेला. हे घरी तपासता येत नाही. म्हणून नाव-पत्ता असलेल्या ब्रँडची, पाकीटबंद, बिलावर मिळणारी केबल घ्या. दीडशे ते तीनशे रुपयांत मिळते. दोन्ही टोकं सी असलेली साधी केबल ३ अँपियरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंत चालते. त्यापुढच्या ५ अँपियरच्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते, ती फोनसाठी क्वचितच गरजेची.

पण तुमच्या दोन केबली खरंच गेल्या होत्या का? मला शंका आहे. वेचणीच्या दिवसांत फोन ओच्यात किंवा खिशात असतो आणि सी पोर्टमध्ये कापसाचे तंतू जाऊन बसतात. प्रत्येक वेळी पिन घातली की ते आत दाबले जातात. मग पिन पूर्ण बसत नाही, जरा हलली की चार्जिंग जातं, दोष केबलला लागतो. माझ्याकडे अशा पोर्टमधून चिमट्याने अख्खा बोळा निघतो. फोन बंद करा, उजेडात पोर्ट बघा आणि कोरड्या, बारीक लाकडी काडीने कडेकडेने अलगद काढा. सुई, टाचणी, केसांची पिन नको, आतली जीभ मोडते. फुंकरही नको, ओल जाते. त्यानंतर जुनी केबल नव्यासारखी बसली तर पैसे वाचले. पिन किंवा पोर्ट काळसर, वितळलेला दिसला तर मात्र ती केबल दुसऱ्या फोनला लावू नका, तोही पोर्ट जाईल.

तुमच्या घरापुरतं बोलायचं तर मी असं घेईन: तुमच्या फोनच्याच कंपनीचा, तिच्या सर्व्हिस सेंटरमधून किंवा अधिकृत दुकानातून अडॅप्टर आणि त्याचीच केबल. मॉडेलप्रमाणे पाचशे ते हजारच्या आसपास जाईल. मुलाचा फोन त्यावर हळू का होईना, चार्ज होईल. सासऱ्यांच्या फोनला वेगळा अडॅप्टर नको, या अडॅप्टरला चौकोनी तोंड असेल तर त्यातच त्यांची केबल लावा, फोन लागेल तेवढंच घेईल. एक मात्र लक्षात ठेवा, बटनांचे स्वस्त फोन, बॅटऱ्या (टॉर्च), छोटे स्पीकर यांना सी पोर्ट असला तरी दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर ते बऱ्याचदा चार्जच होत नाहीत, कारण आतले रेझिस्टर वाचवलेले असतात. म्हणून घरात एक तरी चौकोनी तोंडाचा अडॅप्टर असू द्या. रात्री चार्जिंगला लावून झोपायला हरकत नाही, फक्त फोन गादीवर, उशीखाली किंवा गोधडीत नको. भिंतीतल्या कोनाड्यात किंवा फळीवर उघडा ठेवा.

बिल मागून घ्या, त्यावर मॉडेल लिहायला लावा आणि पाकीट वॉरंटी संपेपर्यंत फेकू नका. तुमच्या जुन्या अडॅप्टरचं बिल नसेल तर तो विषय सोडा. असेल आणि दुकानदार बदलून देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, मराठीत बोलून चालतं. आर-नंबर खोटा निघाला तर बीआयएस केअर ॲपमधूनच तक्रार पाठवता येते. अडॅप्टरच्या छपाईचा स्पष्ट फोटो तेवढा आधी काढून ठेवा.